चुलीचा हिशेब : राज्याची विज्ञान परिषद काय करते?

आज एका साध्या गणिताने सुरुवात करू या.

एक किलोग्रॅम वाळलेले लाकूड पूर्णपणे जळले, तर त्यातून सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. एक लीटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. मग २५ अंश तापमानाचे एक लीटर पाणी उकळीला आणण्यास किती उष्णता लागेल? १०० वजा २५, म्हणजे ७५ किलोकॅलरी. आता ४,००० ला ७५ ने भागा. उत्तर येते सुमारे ५३. म्हणजे एक किलो लाकडावर ५३ लीटर पाणी उकळायला हवे!

पण घरी आजीला किंवा आईला विचारून पाहा. एक किलो सरपणावर चुलीवर चार-पाच लीटर पाणी उकळले तरी पुष्कळ झाले, असेच त्या सांगतील. याचा अर्थ असा, की साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्याला मिळतो. उरलेले नऊ भाग कोठे जातात? आणि ते वाचवण्याचे काम कोणाचे? शास्त्रज्ञाचे, सरकारचे, की घरातल्या बाईचे?

या प्रश्नाच्या मागे लागलेल्या एका सरकारी संस्थेची हकिगत या लेखात सांगायची आहे. ती संस्था म्हणजे आपल्या शेजारच्या राज्यातील कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रविद्या परिषद.

परिषद कशासाठी?

आपल्या देशात मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत, विद्यापीठे आहेत. तेथे संशोधन चालते, निबंध प्रसिद्ध होतात. दुसरीकडे खेडी आहेत, शेते आहेत, लहान कारखाने आहेत. त्यांच्या अडचणी रोजच्या असतात. पाणी पुरत नाही, सरपण मिळत नाही, पीक साठवता येत नाही. या दोन्हींमध्ये फार मोठे अंतर असते. प्रयोगशाळेतील माणसाला खेड्यातील अडचण दिसत नाही आणि खेड्यातील माणसाला प्रयोगशाळेचे दार ठाऊक नसते.

केंद्र सरकारने १९७१ साली विज्ञान व तंत्रविद्या विभाग स्थापन केला. पण आसाममधला प्रश्न वेगळा, राजस्थानातला वेगळा आणि कर्नाटकातला वेगळा. म्हणून प्रत्येक राज्याने आपापल्या प्रश्नांसाठी विज्ञानाची मदत घेणारी स्वतःची यंत्रणा उभारावी, असा विचार पुढे आला. कर्नाटकात अशी परिषद १९७५ साली स्थापन झाली. देशातील अशा पहिल्या काही परिषदांपैकी ती एक होय. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे त्या वेळचे संचालक प्रा. सतीश धवन यांनी यात पुढाकार घेतला. अवकाश संशोधनातील त्यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. परिषदेचे कार्यालयही विज्ञान संस्थेच्या आवारातच थाटले गेले. सरकारची संस्था, पण बसायला जागा शास्त्रज्ञांच्या शेजारी! ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. प्रश्न आणणारा आणि उत्तर शोधणारा एकाच आवारात असले, म्हणजे दोघांची गाठ रोज पडते.

परिषदेच्या सचिवपदाची धुरा सुरुवातीच्या वर्षांत प्रा. अमूल्य रेड्डी यांनी वाहिली. हे मूळचे विद्युत्-रसायनशास्त्राचे प्राध्यापक. या विषयावर बॉक्रिस या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगभर अभ्यासला जातो. असा नामवंत रसायनशास्त्रज्ञ १९७४ साली खेड्यांकडे वळला. खेड्यांना उपयोगी पडेल असे संशोधन करण्यासाठी त्यांनी विज्ञान संस्थेत 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'अस्त्र' हा शब्द तयार झाला, पण तो शोभतोही छान. हाच गट पुढे शाश्वत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखला जाऊ लागला.

आधी मोजा, मग बोला

शास्त्रज्ञ खेड्यात गेले, तेव्हा त्यांनी पहिले काम कोणते केले असेल? नवे यंत्र बसवले? नाही. त्यांनी मोजमाप केले.

तुमकूर जिल्ह्यातील कुणिगल तालुक्यात पुरा नावाचे एक लहानसे खेडे आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे व आसपासच्या आणखी काही खेड्यांत घरोघर जाऊन ऊर्जेची पाहणी करण्यात आली. कोणत्या घरात किती लाकूड जळते, ते कोण आणते, किती लांबून आणते, रॉकेल किती लागते, बैल किती तास राबतात, या साऱ्याची नोंद झाली. सगळ्या ऊर्जेला एकाच मापाने मोजून बेरीज केली, तेव्हा पुरा गावाचा हिशेब असा निघाला :

जळाऊ लाकूड – ८९ टक्के
माणसांचे श्रम – ७ टक्के
रॉकेल – २ टक्के
बैलांचे श्रम – १ टक्का
वीज – १ टक्का

हा तक्ता नीट पाहा. त्या काळी ऊर्जा म्हटले, की वर्तमानपत्रांत वीज, कोळसा आणि खनिज तेल यांचीच चर्चा होत असे. खेड्याचा हिशेब मात्र सांगत होता, की येथे खरे इंधन लाकूड आहे. त्यातले बहुतेक सारे स्वयंपाकाला आणि अंघोळीचे पाणी तापवायला जाते. म्हणजे खेड्यातील सर्वांत मोठे 'ऊर्जा केंद्र' कोणते? चूल!

आणखी एक आकडा मिळाला, तो अधिक बोलका आहे. एका घराला दिवसाला सुमारे १० किलो लाकूड लागे. ते गोळा करण्यासाठी घरटी दररोज सरासरी २.६ तास खर्च होत आणि ४.८ किलोमीटर चालावे लागे. आता वर्षाचा हिशेब तुम्हीच करा. ४.८ गुणिले ३६५ म्हणजे १,७५२ किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जाताना सुमारे १,४०० किलोमीटर अंतर पडते. म्हणजे पुऱ्यातले एक घर वर्षाला मुंबई ते दिल्ली आणि त्याहूनही लांब पायी चालत होते, तेही परतीच्या वाटेवर डोक्यावर मोळी घेऊन! २.६ तासांचे वर्षाला सुमारे ९५० तास होतात. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला, तर हे जवळजवळ १५८ दिवस झाले. या कामात स्त्रियांबरोबर मुलांचाही वाटा असे. मग एखादी मुलगी शाळेत का दिसत नाही, याचे एक उत्तर या आकड्यात सापडते.

पाहिलेत ना? मोजमाप केल्याशिवाय हे कळले नसते. लाकूड फुकट मिळते, म्हणून ते स्वस्त आहे, असे सगळेच समजत होते. पैसे लागत नव्हते हे खरे, पण किंमत मोजावी लागत होती.

उष्णता जाते कोठे?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू या. चुलीतील नऊ भाग उष्णता जाते कोठे?

लाकूड जळते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. लाकूड तापले, की त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघून जातो. आपल्याला दिसणारी ज्योत म्हणजे हे जळणारे वायू होत. मागे उरतो तो कोळसा. तो ज्योतीवाचून, निखारा होऊन जळतो.

वायू पूर्ण जळण्यासाठी दोन गोष्टी लागतात : पुरेशी हवा आणि पुरेसे तापमान. एक किलो लाकूड जळण्यास सुमारे सहा किलो हवा पुरते. पण उघड्या चुलीत हवेवर काहीच ताबा नसतो. गरजेपेक्षा कितीतरी अधिक हवा आत शिरते, तापते आणि ती उष्णता घेऊन बाहेर निघून जाते. म्हणजे आपण भांड्याऐवजी वाऱ्यालाच तापवत बसतो! उलट, जेथे लाकडे दाटीवाटीने कोंबलेली असतात, तेथे हवा पोचत नाही. तेथील वायू न जळताच बाहेर पडतात. हाच धूर. ज्योत भांड्याच्या थंड बुडाला टेकली, म्हणजेही ती विझते आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बुडाला चिकटतो. काही उष्णता चुलीच्या भिंतींत मुरते, काही तोंडातून समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर येते.

तेव्हा धूर म्हणजे दुहेरी नुकसान. तो जळू शकणारे इंधन वाया घालवतो आणि डोळ्यांना व फुप्फुसांना अपाय करतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही असतो.

अस्त्र ओले

हे सर्व ध्यानात घेऊन 'अस्त्र'च्या शास्त्रज्ञांनी एक नवी चूल तयार केली. तिचे नाव 'अस्त्र ओले'. कन्नड भाषेत 'ओले' म्हणजे चूल. आपल्या 'ओल्या' लाकडाशी याचा काही संबंध नाही बरे का!

या चुलीचे तत्त्व तुम्हाला अगदीच नवे वाटणार नाही. आपल्याकडच्या चुलीला वैल असतो. मुख्य भांड्याखालून निघालेला जाळ वैलाकडे जातो आणि त्यावर दूध किंवा आमटी गरम राहते. अस्त्र ओलेमध्ये हीच कल्पना पुढे नेली आहे. तिच्यावर तीन भांडी बसतात. पहिले भांडे थेट आगीवर असते. तेथून तापलेले वायू बंदिस्त वाटेने दुसऱ्या भांड्याखाली, मग तिसऱ्याखाली जातात आणि शेवटी धुराड्यातून छपराबाहेर पडतात. पहिल्यावर भात शिजतो, तर तिसऱ्यावर पाणी तापते.

आणखी तीन सुधारणा केल्या. लाकडाखाली लोखंडी जाळी ठेवली, म्हणजे हवा खालून येऊन निखाऱ्यापर्यंत पोचते. चुलीच्या तोंडाला झडप बसवली, म्हणजे फाजील हवा आत शिरत नाही. आणि भांडी भोकांत नेमकी बसतील अशी मापे ठरवली, म्हणजे फटींतून धूर येत नाही. प्रयोगशाळेतील कसोट्यांत या चुलीची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास भरली. साध्या चुलीच्या जवळजवळ चौपट!

येथे शास्त्रज्ञाचे काम संपले आणि परिषदेचे सुरू झाले, असे म्हणता येईल. कारण एक चूल प्रयोगशाळेत चालणे वेगळे आणि हजारो स्वयंपाकघरांत चालणे वेगळे. चूल बांधणार कोण? त्यासाठी गावोगावच्या गवंड्यांना शिकवावे लागले. मापे बोटभर चुकली, तरी धुराडे ओढत नाही. धुराड्यात काजळी साचते, ती वेळोवेळी काढावी लागते. लाकूड बारीक फोडून घालावे लागते, हे नवे काम बाईच्याच माथी येते. परिषदेने सरकारच्या मदतीने १९८०च्या दशकात या चुलींचा कर्नाटकात प्रसार केला. नीट बांधलेल्या आणि नीट राखलेल्या चुलींनी सरपण वाचवले. जेथे देखभाल झाली नाही, तेथे प्रयोगशाळेतला आकडा स्वयंपाकघरात उतरला नाही. तंत्रविद्येच्या प्रसारात गवंड्याचे प्रशिक्षण हे शास्त्रज्ञाच्या सूत्राइतकेच महत्त्वाचे असते, हा धडा त्यातून मिळाला.

पुऱ्यातील गोबर गॅस

आता पुन्हा पुरा गावी जाऊ. सरपणच नको, सगळा स्वयंपाक गोबर गॅसवर करता आला तर? गावाचे शेण एकत्र करून एक सामुदायिक संयंत्र उभारावे आणि नळाने घरोघर गॅस द्यावा, अशी मूळ कल्पना होती. शेण आणि पाणी यांचा काला हवाबंद टाकीत ठेवला, की हवेशिवाय जगणारे जीवाणू त्याचे विघटन करतात. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तो निळ्या ज्योतीने, धुराशिवाय जळतो. मागे उरते ती मळी शेतात उत्तम खत होते. कल्पना किती सुंदर!

पण प्रत्यक्षात काय झाले? गॅस पुरेना. असे का व्हावे, हे एका हिशेबाने समजून घेऊ. १९९० साली पुऱ्याची लोकसंख्या ४६३ होती आणि गुरे होती २४८. गुरे लहान चणीची, दिवसभर बाहेर चरणारी. दर जनावरामागे ६ किलो शेण हाती लागते, असे धरू. म्हणजे रोज सुमारे १,५०० किलो. एक किलो शेणापासून सुमारे ४० लीटर गॅस मिळतो असे धरले, तर रोज ६० घनमीटर गॅस झाला. स्वयंपाकासाठी माणशी रोज सुमारे पाव घनमीटर गॅस लागतो. ४६३ माणसांना हवा सुमारे ११६ घनमीटर. म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्मा! मग कोणाची चूल पेटवायची आणि कोणाची नाही? गावकऱ्यांचा उत्साह मावळला.

अशा वेळी दोन मार्ग असतात. 'लोक अडाणी आहेत' असे म्हणून परत फिरणे हा एक. लोकांनाच विचारणे हा दुसरा. शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग धरला. चर्चेत असे दिसले, की गावाची पहिली गरज पिण्याचे स्वच्छ पाणी ही आहे आणि त्यानंतर दिवाबत्ती. यासाठी लागणारी ऊर्जा स्वयंपाकापेक्षा फारच थोडी. तेवढा गॅस तर सहज मिळणार होता!

मग १९८७ साली योजना बदलून नव्याने सुरू झाली. गोबर गॅसवर ७ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन चालवायचे, त्याने जनित्र फिरवायचे, विजेवर विंधन विहिरीचा पंप चालवायचा आणि घरांत दिवे लावायचे. गंमत अशी, की या इंजिनाला थोडे डिझेल तरीही लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. गोबर गॅस मात्र तेवढ्या तापमानाला स्वतःहून पेटत नाही. म्हणून थोडे डिझेल काडीचे काम करते आणि बाकीचे काम गॅस करतो.

शेण आणून देणाऱ्या घराला किलोमागे दोन पैसे मिळत आणि मळी खत म्हणून परत मिळे. ही व्यवस्था काही वर्षे चांगली चालली. पुढे ती बंद झाली. तरीही तिने शिकवलेली गोष्ट वाया गेली नाही : यंत्र चालण्यासाठी गॅसइतकीच ते चालवणाऱ्यांची घडी नीट बसावी लागते. आणि प्रश्न कोणता सोडवायचा, हे ज्याला अडचण आहे त्यालाच आधी विचारावे लागते.

आणखी काही कामे

परिषद केवळ चुलींपुरती थांबली नाही. १९७७ सालापासून तिने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक योजना सुरू केली. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांनी समाजाला उपयोगी पडेल असा प्रकल्प सुचवायचा, तो निवडला गेला तर परिषद त्यासाठी थोडे पैसे देते आणि चांगल्या प्रकल्पांचे प्रदर्शन भरवते. थोडक्या पैशांत शेकडो डोकी कामाला लागतात!

छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याचे तंत्रही परिषदेने पुढे आणले. बंगळूरला वर्षाकाठी सुमारे ९७ सेंटिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर किती पाणी पडेल? १०० गुणिले ०.९७, म्हणजे ९७ घनमीटर किंवा ९७,००० लीटर. २००९ साली बंगळूरमध्ये ठरावीक आकाराच्या घरांना असे पाणी साठवणे कायद्याने सक्तीचे झाले.

अशा संस्था आता बहुतेक राज्यांत आहेत. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, गोव्यातही राज्य विज्ञान परिषद आहे. या संस्था स्वतः फारसे शोध लावत नाहीत. प्रश्न निवडणे, संशोधनाला पैसे देणे, शोध शेतात किंवा स्वयंपाकघरात तपासणे आणि तो वापरणारी माणसे तयार करणे, हे त्यांचे काम. या चारपैकी एक कडी तुटली, की साखळी तुटली.

करून पाहा

तुमच्या घरी, शेजारी किंवा गावाकडे चूल असेल, तर तिची कार्यक्षमता तुम्हालाही मोजता येईल. मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच हा प्रयोग करा.

१. वाळलेली लाकडे तराजूत तोलून घ्या. वजन लिहून ठेवा.

२. पातेल्यात मोजून ३ लीटर पाणी घ्या. प्रयोगशाळेतील तापमापीने त्याचे तापमान नोंदवा. झाकण ठेवा.

३. चूल पेटवा. पाणी ९५ अंशांना पोचले, की लाकडे बाहेर ओढून विझवा. पाणी शिंपडू नका, वाळूत दाबा. ओले लाकूड जड भरते.

४. उरलेली लाकडे आणि कोळसे तोला. किती लाकूड जळले ते काढा.

समजा, पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर गेले आणि अर्धा किलो लाकूड जळले. पाण्याला मिळालेली उष्णता ३ × ७० = २१० किलोकॅलरी. लाकडाने दिलेली उष्णता ०.५ × ४,००० = २,००० किलोकॅलरी. कार्यक्षमता साडेदहा टक्के.

आता चुलीच्या तोंडाशी पत्र्याची झडप ठेवून, लाकडे बारीक फोडून किंवा पातेल्याभोवतीची फट ओल्या मातीने बुजवून पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी पुन्हा मोजा. आकडा किती वाढला? वाढला नसेल, तर का नाही? आणि चूल रोज पेटवणाऱ्या बाईंना विचारायला विसरू नका : हा बदल त्यांना सोयीचा वाटतो का? त्यांचे उत्तरही आकड्यांच्या शेजारी वहीत लिहा. तेही मोजमापच आहे.